बॅटरीचा स्वधर्म

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं पावसाळ्यापूर्वीं ग्रंथांस ऊन देण्याविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका वाचकभगिनीनें आम्हांस कळविलें आहे कीं, त्यांच्या घरीं आतां पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे दहा अशी स्थिति आहे. सासूबाईंचा भजनांचा डबा, मुलांचीं कानांत घालावयाचीं यंत्रें, मामंजींचा ट्रान्झिस्टर हीं सर्व दोनतीन वर्षांतच मान टाकतात. दुकानदार ‘बॅटरी गेली’ एवढेंच म्हणतो. परंतु ती कां जाते आणि जाऊं नये म्हणून घरच्या माणसांनीं काय करावें, हें कोणी सांगत नाहीं. प्रश्न योग्य आहे. शिवाय तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. कारण या विषयांत आमचें घर एकदां सपशेल नापास झालेलें आहे, आणि तें कसें, हें सांगितल्यावांचून उपदेशाचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.

ता. ३ जून २०२०, बुधवार, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. एकादशीचें पारणें होऊन पानें उचललीं जातात न जातात तोंच ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. आमचें तळा गांव समुद्रापासून आंत, डोंगराच्या आडोशास. तरी त्या दिवशीं कौलें पत्त्यांप्रमाणें उडालीं, पोफळी मधोमध मोडल्या, जुनीं झाडें मुळांसकट आडवीं झालीं. वीज गेली, मागोमाग मोबाईलचे मनोरे मुके झाले, झाडें पडून रस्ते बंद झाले. या भागांतील कित्येक गांवांस वीज परत येण्यास आठवडेच्या आठवडे लागले. त्यांतून दिवस करोनाच्या साथीचे. आमच्या थोरल्या वहिनींचे चिरंजीव मुंबईस. तिकडे वादळानें काय केलें, हें कळावयास मार्ग नाहीं. अशा वेळीं घरांत वाजणारीं यंत्रें तीन होतीं, आणि तिन्हीं एकाच दिवशीं उघडीं पडलीं.

पहिला ट्रान्झिस्टर. तो दिवाळीपासून कपाटांत होता, सेलांसह. मागचें झांकण काढलें तों आंत चिकट, तपकिरी-पांढरें किटण. स्प्रिंगा गंजून तुटलेल्या. दुसरा भजनांचा डबा, म्हणजे हल्लीं ज्यास स्पीकर म्हणतात तो. ‘वेळेला भरलेला असावा’ या हेतूनें तो आम्हींच दोन वर्षें फ्रिजच्या डोक्यावर, अष्टौप्रहर चार्जिंगला लावून ठेविला होता. तो वीस मिनिटें वाजला आणि थांबला. तिसरें वहिनींचें कानाचें यंत्र. त्यांतील सेल दुसऱ्या दिवशीं संपला. नवें पाकीट काढलें तर सहाही सेलांवरील नारिंगी चिकट्या नाहींशा! चौकशीअंतीं कळलें कीं, त्या आमच्या नातवानें महिन्यापूर्वींच काढून आपल्या चित्रांच्या वहींत सूर्य म्हणून चिकटविल्या होत्या. सहाही सेल निर्जीव.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, वादळ नीट ऐकूं आलें नाहीं हें एक बरें झालें, पण तुम्ही सगळे काय बोलतां तेंही ऐकूं येईना.” शेवटीं शेजाऱ्यांच्या अंगणांत, साथीच्या नियमाप्रमाणें चार हात दूर उभें राहून, त्यांच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकावयाच्या आणि घरीं येऊन वहिनींकरितां पाटीवर लिहावयाच्या, असा आमचा नित्यक्रम झाला. पोराच्या खुशालीचा निरोप येईपर्यंत त्या माउलीनें ती पाटी हातांतून खालीं ठेविली नाहीं.

यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तिन्हीं यंत्रांपैकीं एकही वापरून झिजलें नव्हतें. तिन्हीं ठेवण्याच्या चुकीनें गेलीं, आणि तिन्हींची चूक निरनिराळी होती. बॅटरी हें एक सामान्यनाम आहे; त्याच्या पोटांत निरनिराळ्या जाती आहेत व प्रत्येकीचा स्वधर्म वेगळा आहे. एकीचा नियम दुसरीस लावला कीं अनर्थ होतो. घरोघर जे परस्परविरुद्ध सल्ले ऐकूं येतात, त्यांचें मूळ येथेंच आहे.

प्रथम साधा सेल, ज्यास जुन्या शालेय पुस्तकांतून कोरडा विद्युद्घट म्हणत. व्होल्टानें १८०० सालीं पहिली घटमाला रचली. लेक्लांशेनें १८६६ त आपला घट पुढें आणला. त्याचेंच कोरडें रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारांत आलें. स्वस्त सेलाचें बाहेरचें जस्ताचें भांडें हेंच त्याचें इंधन असतें. चूल पेटवावयास घराच्याच भिंती जाळाव्या तसा हा प्रकार आहे. सेल संपत येतो तसतसें भांडें पातळ होतें, त्यास भोंकें पडतात आणि आंतील द्रव्य पाझरतें. ‘अल्कलाइन’ म्हणून जे महाग सेल मिळतात त्यांचा सांगाडा पोलादी असतो व ते अधिक टिकतात. परंतु पार उतरल्यावर आंत वायु सांठून तेही पाझरतात.

यावरून नियम आपोआप निघतात. महिनाभर यंत्र लागणार नसेल तर सेल काढून ठेवावे. जुना व नवा सेल, अथवा दोन जातींचे सेल, एकत्र घालूं नयेत. कारण दुबळा आधीं रिता होतो आणि सबळ सेल त्यामधून उलट प्रवाह ढकलूं लागतात, म्हणजे तो फुटण्यास वेळ लागत नाहीं. बदलावयाचे तर सर्व एकदम बदलावे. सेल उन्हांत ठेवून पुन्हां चालविण्याची युक्ति आमच्या लहानपणापासून प्रसिद्ध आहे. उष्णतेनें आंतील क्रिया घटकाभर जलद होते हें खरें, पण पाझरण्याचा धोकाही वाढतो. सबब ती युक्ति सोडून द्यावी. भरण्याजोगा नसलेला सेल चार्जरमध्यें तर कदापि घालूं नये. अल्कलाइन सेल पाझरून पांढरी भुकटी जमलीच, तर हातांत रबरी मोजे घालून ती कोरड्या कापडानें झाडावी, लिंबाच्या रसाचा बोळा हलकेच फिरवावा, मग ओल पुसून यंत्र पुरतें वाळूं द्यावें. भुकटी डोळ्यांस लागूं देऊं नये.

आतां दुसरी जात, म्हणजे पुन्हां पुन्हां भरावयाची बॅटरी. येथेंच सर्वांत अधिक गोंधळ आहे. ‘पूर्ण उतरल्याखेरीज चार्जिंगला लावूं नका’ हा सल्ला आमच्या पिढींतील प्रत्येकानें ऐकला आहे. तो खोटा नव्हता. तो निकेल-कॅडमियमच्या बॅटरीचा नियम होता. ती बॅटरी युंगनर नांवाच्या स्वीडिश संशोधकानें १८९९ सालीं शोधिली. ती वारंवार अर्धवट उतरवून भरली तर तेवढ्याच मर्यादेची तिला संवय लागते, असा अनुभव होता. ‘सदा भरलेली ठेवा’ हा दुसरा सल्ला शिशाच्या बॅटरीचा, म्हणजे मोटारीच्या अथवा घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचा. तीही त्या ठिकाणीं खरीच. शिशाची बॅटरी रिकामी राहिली कीं तिच्या पट्ट्यांवर क्षार बसून ती मरते.

परंतु आजचे स्पीकर, कानांतील यंत्रें व मोबाईल यांत असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिला वरील दोन्ही नियम वर्ज्य आहेत.

तिचें अंतरंग असें. पडवी व माजघर अशा दोन खोल्या कल्पाव्या. लिथियमचे सूक्ष्म कण भरतांना एकीकडून दुसरीकडे जातात आणि वापरतांना परत येतात. सर्व मंडळी माजघरांत दाटीवाटीनें बसलीं म्हणजे बॅटरी शंभर टक्के भरली. लग्नघरीं तासभर अशी दाटी शोभते; परंतु तीच वर्षभर, तीही वैशाखांतल्या उन्हांत, चालू ठेवली तर माणसें हैराण होतात व भांडीं फुटतात. पूर्ण भरलेली आणि उष्ण अशा स्थितींत राहिलेली लिथियम बॅटरी याच रीतीनें आंतल्या आंत जीर्ण होते. उलट ती पार रिकामी करून महिनोन् महिने ठेविली, तर विजेचा दाब इतका उतरतो कीं तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो, आणि पुढें चार्जर लावला तरी ती स्वीकारीत नाहीं. म्हणून हिचा धर्म मिताहाराचा. तुडुंब नको, उपाशीही नको.

व्यवहारांत याचा अर्थ एवढाच कीं, वीस टक्क्यांच्या सुमारास आली कीं भरावयास लावावी आणि ऐंशीच्या सुमारास काढावी. थोडें थोडें भरल्यानें हिचें कांहींही बिघडत नाहीं. अशी बॅटरी साधारणपणें तीनशें ते पांचशें वेळां पूर्ण भरून उतरल्यावर तिची धारणा मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते, असें बहुतेक उत्पादक धरून चालतात. आणि अर्धी अर्धी दोनदां भरली तर ती एकच खेप मोजली जाते. कोणी विचारील कीं, भरल्यावर प्रवाह आपोआप बंद होतो, मग रात्रभर लावल्यानें काय झालें? प्रवाह बंद होतो हें खरें. चांगल्या यंत्रांत तशी सोय असते. म्हणून एखादी रात्र राहिली तर घाबरूं नये. परंतु आमच्या स्पीकरप्रमाणें दोन वर्षें, तेंही फ्रिजच्या डोक्यावर जेथें सदैव ऊब असते तेथें ठेवणें, म्हणजे तिला हळूहळू शिजविणेंच होय.

उष्णता हा हिचा मुख्य शत्रु आहे. चार्जिंग चालू असतांना यंत्र उशीखालीं, पांघरुणांत, खिडकीच्या उन्हांत अथवा चुलीच्या ओट्यावर ठेवूं नये. बंद मोटारींत विसरूं नये. यंत्र महिना-दोन महिने ठेवून द्यावयाचें असेल तर अर्धी बॅटरी भरून, बटन पुरतें बंद करून, गार कोरड्या जागीं ठेवावें आणि दर दोन महिन्यांनीं एकदां पाहावें.

चार्जरविषयींही एक शंका असते. यंत्रावर लिहिलेला व्होल्टचा आंकडा चार्जरशीं जुळला पाहिजे. अँपिअरचा आंकडा चार्जरवर अधिक असला तरी चालतो, कारण यंत्र आपणांस पाहिजे तेवढाच प्रवाह घेतें. मात्र चार्जर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असलेला घ्यावा. शंभर रुपये वांचवून घर धोक्यांत घालूं नये. आमच्या कोंकणांत आणखी एक पीडा आहे, ती दमट व खाऱ्या हवेची. तारेचें तोंड ओलें असतांना लावल्यास तें गंजतें. कानांतील यंत्रांचे व त्यांच्या डबीचे सोनेरी ठिपके घामानें काळवंडतात, मग डबी त्यांस भरीत नाहीं व आपण बॅटरीस दोष देतों. ते आठवड्यांतून एकदां कोरड्या मऊ कापडानें पुसावे. मेघगर्जना सुरू झाली कीं सर्व चार्जर भिंतींतून काढून ठेवावे, हेंही मुलांस शिकवावें.

बॅटरी पुरीसारखी फुगली, यंत्राचें झांकण उचललें गेलें किंवा गोडसर उग्र वास आला, तर त्या क्षणापासून तिला चार्जिंगला लावूं नये. दाबूं नये, टोंचूं नये. लांकडी सामानापासून दूर ठेवून जाणत्या कारागिराकडे द्यावी. पुष्कळ यंत्रांत नवी बॅटरी बसवून मिळते. नवें यंत्र घेतांनाच तशी सोय आहे काय, हें विचारून घ्यावें. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या कायद्यांत, बहुतेक हातांतील यंत्रांची बॅटरी गिऱ्हाइकास स्वतः बदलतां आली पाहिजे, असें फेब्रुवारी २०२७ पासून लागू व्हावयाचें कलम आहे. आपल्याकडील गिऱ्हाइकांनींही हा प्रश्न दुकानांत विचारूं लागावें.

तिसरी जात कानाच्या यंत्रांतील चिमुकल्या सेलाची. हा जस्त व हवा यांवर चालतो. त्याच्या पाठीस बारीक छिद्रें असतात व त्यांवर रंगीत चिकटी लाविलेली असते. चिकटी निघाली कीं हवा आंत शिरते आणि सेलाचा श्वास सुरू होतो. मग तो यंत्रांत असो वा पाकिटांत, कांहीं आठवड्यांत संपणारच. चिकटी पुन्हां लावून आयुष्य परत मिळत नाहीं. म्हणून लागेल त्याच वेळीं एक चिकटी काढावी, एकदोन मिनिटें हवा खाऊं द्यावी, मग सेल बसवावा. रात्रीं यंत्राचें दार उघडें ठेवावें, म्हणजे सेल विश्रांति घेतो व ओलही निघून जाते. हे सेल फ्रिजमध्यें ठेवूं नयेत. बाहेर काढतांच त्यांवर दंव धरतें. हल्लीं कानाचीं कांहीं यंत्रें लिथियमचींही असतात. त्यांस वरील मिताहाराचाच नियम.

येथें एक इशारा अत्यंत गंभीरपणें देतों. सर्व चपटे सेल लहान मुलांच्या हातापासून दूर, कुलपांत ठेवावे. विशेषतः नाण्याएवढा लिथियमचा सेल मुलानें गिळला व तो अन्ननळींत अडकला, तर दोन तासांच्या आंतही खोल भाजल्यासारखी जखम होऊं शकते. नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करूं नयेत, ओकारी काढवूं नये. मुलास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. आमच्या नातवानें सेलांच्या चिकट्याच घेतल्या, सेल घेतले नाहींत, हा आमच्या व्यवस्थेचा गुण नव्हे. ती केवळ देवाची कृपा.

आतां पावसाळ्याची तयारी. ऐंशी टक्क्यांचा नियम हा नेहमींच्या दिवसांचा. हवामान खात्याचा इशारा आला कीं तो बाजूस ठेवून सर्व यंत्रें शंभर टक्के भरावीं. संकटकाळीं बॅटरीच्या आयुष्यांतले चार दिवस गेले तरी चालतील. निसर्ग वादळाचाही इशारा आधींच मिळाला होता. त्या मुदतींत आम्हीं कौलांवर दोर आंवळले, धान्य वर उचललें, पण ट्रान्झिस्टरचें झांकण कांहीं उघडून पाहिलें नाहीं. पॉवरबँक असेल तर तिच्यावरील आंकड्यानें फसूं नये. तीवर १०००० असें लिहिलेलें असतें तें आंतील ३.७ व्होल्टच्या हिशेबानें. बाहेर ५ व्होल्टनें देतांना त्याचे फार तर ७४०० होतात, आणि रूपांतरांतली घट जातां त्याहूनही कमी हातीं येतात.

आमच्या गांवाच्या माथ्यावर तळगड उभा आहे. पुरंदरच्या तहांत, १६६५ सालीं, शिवाजी महाराजांकडे जे १२ किल्ले राहिले त्यांत तो होता. माथ्यावर खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आजही दिसतात. शत्रु पायथ्याशीं आल्यावर टाक्यांत डोकावणारा किल्लेदार कोणी नांवाजला नसता. आमची गत मात्र तशीच झाली होती. तेव्हांपासून दरवर्षीं अक्षय्यतृतीयेस, जेवणें आटोपल्यावर, घरांतील सर्व वाजतीं यंत्रें ओटीवर मांडावयाची आम्हीं वहिवाट पाडली आहे. ट्रान्झिस्टर वाजवून पाहावयाचा. त्याचे सेल काढून, कागदांत गुंडाळून, वर तारीख घालून शेजारीं ठेवावयाचे. स्पीकर आतां फ्रिजवर नसतो. जुने सेल व बॅटऱ्या केराच्या टोपलींत न टाकतां एका डब्यांत जमवून, तालुक्यास अथवा मुंबईस जाणाऱ्याबरोबर विद्युत-कचरा घेणाऱ्या ठिकाणीं पाठवितों. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, हें वाचकांस ठाऊक असावें.

वहिनींच्या सेलांचें पाकीट आतां देव्हाऱ्याच्या वरच्या खणांत, कुलपांत असतें आणि किल्ली त्यांच्याच कनवटीस. नातू मोठा झाला आहे. चिकटी काढून सेल बसवून देण्याचें काम त्यानें आपणहून पत्करिलें आहे, आणि तो तें घड्याळाकडे पाहून, दोन मिनिटें मोजून करतो. पाटी मात्र वहिनींनीं परत दिलेली नाहीं. त्या म्हणतात, यंत्राचा काय भरंवसा! त्यांचें म्हणणें आम्हांस खोडून काढतां आलेलें नाहीं.

पुढील महिन्यांत, वाचकांच्या इच्छेनुसार, इन्व्हर्टरच्या बॅटरीस पाणी केव्हां व कोणतें घालावें याविषयीं लिहूं.